गोठ्यातले आरोपी

मी आबांच्या चाळीत खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांच्या गोठ्यात एक शिडी बांधलेली होती. गाय नव्हती, म्हैस नव्हती, नुसती शिडी. आणि बांधलेली म्हणजे जनावर बांधतात तशीच, दाव्याची गाठ खुंट्याला मारून. मी औशाकडचा माणूस, गोठ्यात काय बांधतात आणि काय नाही एवढं मला कळतं. मला वाटलं, इकडे चोऱ्या फार होत असतील. खोली ठरली, चावी हातात आली, तेव्हा मी सहज म्हणालो की डिशची छत्री बसवायची आहे, ती शिडी जरा मिळाली तर बरं होईल. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी येरवड्यातून एखादा कैदी संध्याकाळपुरता उसना मागतोय.

"तिची शिक्षा चाललीय," ते म्हणाले. "दसऱ्याला सुटंल. तवर दुसरीकडनं आना."

घरमालक वेडा आहे याची माझी खात्री झाली. पण नळाला दोन्ही वेळ पाणी होतं आणि चाकणला जाणारी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची. शहाणा मालक आणि कोरडा नळ यापेक्षा हे बरं, असा विचार करून मी तिथे राहिलो, आणि लग्न होऊन पोरं शाळेत जाईपर्यंत राहिलो.

शिडीचा गुन्हा असा होता. चार नंबरच्या खोलीतला रंगारी तिच्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. एक पायरी कुजलेली होती. दुसऱ्या कुणी पायरी बदलली असती. आबांनी शिडीवर खटला चालवला. अंगणात खुर्ची टाकून बसले, शिडी समोरच्या भिंतीला उभी केली, रंगाऱ्याची साक्ष घेतली आणि मग शिडीला विचारलं, की तुला काही म्हणायचं आहे का. हा खटला मी पाहिलेला नाही, पण पुढे बरेच पाहिले. फुटलेल्या कुकरचा पाहिला, पाण्याच्या मोटरचा पाहिला, एका टेबलफॅनचाही पाहिला. प्रत्येक वेळी तो प्रश्न विचारून झाल्यावर आबा खरोखर थांबायचे. आरोपीला बोलायला वेळ द्यायचे. मग "काय म्हननं न्हाई" असं स्वतःशीच पुटपुटून शिक्षा सांगायचे. आम्ही भाडेकरू तोंडावर हात ठेवून हसत असू, आणि त्यांना ते दिसत असे, पण कोर्टात लोक हसतातच असा त्यांचा अनुभव होता.

कोर्टाचा त्यांना अनुभव दांडगा. जमिनीच्या खटल्यांपायी त्यांची अर्धी हयात कोर्टाच्या व्हरांड्यात गेली होती. तिथून जमीन परत मिळाली नाही, गोडी मात्र लागली. सकाळी ओट्यावर बसून ते पेपरातल्या कोर्टाच्या बातम्या मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक निकालावर आपला निकाल द्यायचे. न्यायाधीश म्हणून बसताना अंगात एक नारिंगी जाकीट घालायचे, रस्त्यावर काम करणारे घालतात ते, उजेडात चमकणाऱ्या पट्ट्यांचं. मेट्रोचं काम चालू असताना कुणा मुकादमाने ते त्यांना दिलं होतं. बुटका, रुंद माणूस, कानांतून केसांचे झुबके बाहेर आलेले, आणि अंगात ते जाकीट. त्यांच्याइतका गंभीर माणूस मी त्या चाळीत दुसरा पाहिला नाही.

हे खूळ मात्र त्यांचं एकट्याचं नव्हतं. ते घराण्यातून आलं होतं. त्यांच्याकडे पूर्वी बैलांच्या जोड्या असायच्या. एखाद्या बैलाने माणसाला शिंग मारलं, तर त्याला विकायचं नाही आणि बडवायचंही नाही. त्याला वेगळा बांधायचा. पोळ्याला बाकीच्यांच्या अंगावर झूल, शिंगांना रंग, आणि तो तसाच कोरा. ज्याला शिंग लागलं त्याने आपण होऊन पुरणाची पोळी आणली आणि स्वतःच्या हाताने भरवली, की बैल मोकळा. भरवायची की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं. त्याला कुणी विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. एखादा बैल दोन-दोन पोळे कोरा राहिल्याचं आबा सांगत.

मग जमिनी कारखान्यांना गेल्या, उरलेल्या रस्त्यात गेल्या, राहिलेल्या तुकड्यावर चाळ उठली आणि बैल विकले गेले. गोठा राहिला, खुंटा राहिला आणि न्याय करायची सवय राहिली. गोठ्यात बांधायला आता कुणीतरी हवं होतं. तेव्हा पोळ्याऐवजी दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी आली, कारण त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा होते, आणि पोळीच्या जागी झेंडूचं फूल आलं, कारण शिडीला पोळी भरवता येत नाही हे आबांनाही मान्य होतं. ज्याला लागलं त्याने फूल वाहायचं, हा नियम तेवढा जुनाच राहिला. त्या वर्षी रंगारी कुबडी टेकत आला आणि त्याने शिडीला फूल वाहिलं. शिडी सुटली. पायरी कुजकीच होती.

"आधी वस्तू, मागनं मानूस," असं आबांचं एक वाक्य होतं. काही बिघडलं की आपण आधी माणूस धरतो, कारण माणूस लवकर सापडतो आणि घाबरतोही लवकर. वस्तू घाबरत नाही, म्हणून सुटते. त्यांचं हे तत्त्वज्ञान मी एकदा कंपनीत ऐकवलं. आमच्याकडे पत्रा दाबायच्या एका प्रेसमध्ये एका पोराची दोन बोटं गेली होती. साहेबांनी पोराला समज दिली, आणि दसऱ्याला सगळ्यांत मोठा हार त्याच प्रेसला घातला, कारण ती सगळ्यांत महाग होती. आबांना हे सांगितलं तर त्यांचा चहा गार झाला. "हार घातला त्येला?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याकडे त्या प्रेसची चौकशी करत, गावाकडच्या एखाद्या गुंडाची करावी तशी.

आता स्कूटरचं सांगायला हवं. ती आबांची स्वतःची होती, जुनी, गिअरची. निगडीच्या उतारावर तिचा ब्रेक लागला नाही, आबा दुभाजकावर आपटले आणि खांद्याचं हाड मोडून घेऊन आले. हात गळ्यात अडकवलेला असतानाच त्यांनी जाकीट घातलं आणि स्कूटरला गणपतीपासून दसऱ्यापर्यंत गोठा सांगितला. खंडेनवमीला त्यांनी स्वतःच तिला फूल वाहिलं, कारण लागलं त्यांनाच होतं. गॅरेजवाला ब्रेकचे लायनर बदलायला आला, तर त्याला दारातून परत पाठवलं. शिक्षा भोगून सुटलेल्याला पुन्हा उघडून बघायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. गॅरेजवाला कपाळावर हात मारून गेला. अंगणातले सगळे हसलो. सगळ्यांत जास्त हसले ते अण्णा.

अण्णा म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. आबा जितके बोलत तितके अण्णा गप्प, आणि आबांचा शब्द त्यांनी जन्मात कधी मोडला नाही. चाळीमागे रेल्वेचा एक फाटा होता. मोठ्या लाइनीपासून फुटून एका कंपनीच्या मालाच्या डेपोत जाणारा. रूळ कंपनीचे, इंजिन कंपनीचं, डब्यांवर नाव कंपनीचं. आम्ही तिला डेपोची रेल्वे म्हणायचो. त्या रुळांपलीकडे, ट्रक उभे राहतात तिथे, अण्णांचं चहा-बिस्किटांचं छोटं दुकान होतं. सुटून आलेली स्कूटर आबांनी अण्णांना दिली. रुळांपाशी उतार होता. तिथे अण्णा दोन्ही पाय जमिनीला घासत जायचे. मी एकदा म्हणालो की अण्णा, ब्रेक करून घ्या. ते म्हणाले, आबांनी तिला सोडलंय, आता आपण काय बोलायचं.

अण्णांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. जुन्या वळणाची बाई, मोठ्या दिरासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायची नाही आणि त्यांच्याशी समोरून बोलायचीही नाही. काही सांगायचं असलं की भिंतीकडे बघून किंवा आमच्यापैकी कुणाकडे बघून म्हणायची, "आबांना म्हनावं, जेवान झालंय." आबा तिथेच दोन हातांवर बसलेले असायचे. तेही आमच्याकडे बघूनच उत्तर द्यायचे. एका घरात राहून त्या दोघांत कधी एक थेट वाक्य झालं नव्हतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

सहा नंबरच्या खोलीत नामदेव राहायचा, हिंगोलीकडचा. डेपोच्या रेल्वेवर फाटकवाला होता, ठेकेदाराच्या मार्फत. फाटक म्हणजे काय, एक साखळी. डबे येणार असले की ती रस्त्यावर आडवी लावायची. एवढंच काम असतं तर ठीक होतं, पण डेपोच्या दुसऱ्या टोकाला ट्रक आत घ्यायचं कामही कंपनीने त्यालाच दिलं होतं. दोन कामांच्या मध्ये नामदेव शिट्टी गळ्यात अडकवून पळत असायचा. त्याच्या पोटऱ्या बघून आम्ही त्याला पोलिसभरतीला उभा राहा म्हणून चिडवायचो.

एका दुपारी त्याला ट्रककडे बोलावलं होतं आणि इकडे डबे आले. इंजिन मागे, डबे पुढे, ढकलत आणलेले. पुढच्या डब्यापाशी झेंडी घेऊन कुणी माणूस नाही, भोंगा नाही, साखळी खाली. अण्णा उतारावरून आले. नामदेव शिट्टी वाजवत पळत आला, पण तो पोचला तेव्हा सगळं झालं होतं.

त्या दिवसाबद्दल मला जास्त लिहायचं नाही. अण्णा माझ्या पोराला रोज एक गोळी द्यायचे, लिमलेटची. अजूनही तसली गोळी दिसली की मला ते आठवतात.

पोलिसांनी रीतीप्रमाणे जो आधी सापडला त्याला धरलं. निष्काळजीपणाने मृत्यू, आरोपी नामदेव. कंपनीने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, ठेकेदाराने नामदेवला कामावरून काढून टाकलं. जामिनावर सुटून नामदेव चाळीत आला तेव्हा त्याची बायको सामान बांधूनच बसली होती. ज्याच्या हातून मालकाचा भाऊ गेला त्याला मालक खोलीत ठेवणार नाही, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. आम्ही सगळे अंगणात उभे होतो. तेराव्याचा मंडप अजून सोडलेला नव्हता.

आबा बाहेर आले. अंगात जाकीट होतं. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली, की हा माणूस आता इथेही तमाशा करणार. त्यांनी नामदेवला खाली बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं की साखळी का लागली नाही. नामदेवने रडत रडत सांगितलं. ट्रककडे कुणी पाठवलं, तिकडे दुसरा माणूस का नव्हता, डब्यांपुढे झेंडी का नव्हती, असं एकेक विचारत ते शेवटपर्यंत गेले. मग म्हणाले, "सामान सोडा. ह्यो आरोपी न्हाई. आरोपी रेल्वे हाय."

नामदेव तुरुंगात जाणार की नाही, हा प्रश्न तिथून पुढे आबांचा झाला. पिंपरीच्या कोर्टातले ओळखीचे सगळे वकील त्यांनी पालथे घातले. भरपाईचा दावा करा, असं सगळे म्हणाले. आबांना भरपाई नको होती, त्यांना रेल्वे पिंजऱ्यात उभी हवी होती. फौजदारीत, आरोपी क्रमांक एक म्हणून. वकिलांनी चहा पाजून वाटेला लावलं. शेवटी नुकतीच सनद घेतलेली एक वकीलबाई भेटली. तीही आधी हसली. मग तिने घरी जाऊन कायद्याची पुस्तकं काढली, आणि दुसऱ्या दिवशी आबांना फोन करून म्हणाली की तुम्ही म्हणता ते वाटतं तितकं वेड्यासारखं नाहीये. आबांच्या आयुष्यात त्यांना मिळालेली ही सगळ्यांत मोठी शाबासकी असावी, कारण ती त्यांनी चाळीतल्या प्रत्येक खोलीत जाऊन सांगितली.

तक्रार दाखल झाली. रेल्वे कंपनीची, म्हणून कंपनीला आरोपी म्हणून बोलावणं गेलं. कंपनीच्या तोपर्यंत लक्षातही आलं नव्हतं की अण्णा म्हणून कुणी होते. आता मात्र ती खडबडून जागी झाली आणि हा खटलाच रद्द करा म्हणून थेट मुंबईला उच्च न्यायालयात गेली.

शेवटच्या सुनावणीच्या दिवशी आबांबरोबर मी गेलो, रजा टाकून. वकीलबाई रेल्वेने पुढे गेल्या होत्या. आबांनी रेल्वेने जायला साफ नकार दिला. मोठी रेल्वे ही डेपोच्या रेल्वेच्या भावकीतली, आणि आरोपीच्या भावकीच्या गाडीत बसून फिर्यादी कोर्टात जातो हे बरं दिसत नाही. आम्ही एसटीने गेलो. घाटात ट्रक बंद पडल्यामुळे तुंबलो आणि पोचेपर्यंत अर्धं काम होऊन गेलं होतं. जाकीट दारावरच्या पोलिसाने काढायला लावलं. आबा पांढऱ्या सदऱ्यात शेवटच्या बाकावर बसले आणि आरोपी कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघू लागले.

कंपनीचा वकील मोठा माणूस होता. इंग्रजीत बोलत होता. वकीलबाई मागे येऊन आम्हाला हळू आवाजात मराठी करून सांगत होत्या. त्याचं म्हणणं असं, की कंपनी ही नुसती कागदावरची व्यक्ती आहे. तिला हात नाहीत, मग साखळी तिने कशी लावावी. तिला मन नाही, मग तिने निष्काळजीपणा कशाने करावा. आणि तिला शरीर नाही, तेव्हा शिक्षा झाली तरी तुरुंगात कोण जाणार. आबा प्रत्येक मुद्द्याला मान डोलवत होते. मला वाटलं म्हातारा हरला. ते माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "शिडीचं बी ह्येच म्हननं व्हतं."

मग त्या वकिलाने आणखी एक मुद्दा काढला. आरटीओच्या तपासणीत मयताच्या स्कूटरला मागचा ब्रेक नव्हताच, पुढचा नावाला होता. तेव्हा अपघात रेल्वेने नाही, स्कूटरने केला. वकीलबाईंनी हेही मराठीत सांगितलं. सांगताना त्या आबांकडे बघत नव्हत्या. आबांची मान डोलायची थांबली.

निकाल त्याच दिवशी, आबांच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींनी जे सांगितलं ते मला समजलं ते असं, की करार करताना, जमीन घेताना, दुसऱ्यावर दावा लावताना ही कंपनी व्यक्ती असते, मग आरोपी व्हायची वेळ आली की तेवढ्यापुरती ती कागद कशी होईल. तिचं मन कुठे आहे म्हणाल, तर एका माणसाला दोन ठिकाणी ठेवायचं हे जिथे ठरलं तिथे आहे. तुरुंगात घालता येत नसेल, तर कायद्यात दंड आहे. खटला चालेल. स्कूटरच्या ब्रेकचं काय ते खालच्या कोर्टाने पुरावा घेऊन बघावं. ज्या गोष्टीसाठी आम्ही इतकी वर्षं तोंडावर हात ठेवून हसलो, ती उच्च न्यायालयाने पंख्याखाली बसून गंभीरपणे मान्य केली होती. एका पेपराने आतल्या पानावर बातमी दिली. चाळीतल्या पोरांनी ती फोनवरून सगळीकडे पाठवली.

परतीच्या एसटीत मी आबांचं अभिनंदन केलं. ते खिडकीतून बघत होते. लोणावळा मागे पडलं तेव्हा म्हणाले, गॅरेजवाला दारात आला होता, न्हाई का. मी हो म्हणालो. कामशेत, वडगाव, देहूरोड असं एकेक मागे जात राहिलं.

खालच्या कोर्टात जे झालं त्याला खटला म्हणायचं तर कुकरवरचा खटला जास्त रंगला होता. उच्च न्यायालयात बातमी झाल्यावर कंपनीला हे प्रकरण मिटवायची घाई झाली. तिच्या वकिलाने उभं राहून कबुली दिली, एका माणसावर दोन कामं टाकली ही चूक आमची. कोर्टाने दंड सांगितला. वकिलाच्या कारकुनाने तो भरला आणि पावती घेऊन तो पुढच्या कामाला गेला. पिंजरा रिकामाच होता. नामदेववरचा आरोप गेला. तो तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

आबा मात्र उभे राहिले. न्यायाधीशांना म्हणाले, "सायेब, एक आरोपी ऱ्हायलाय. गाडी माजी व्हती. ब्रेक न्हाई ह्ये मला ठावं व्हतं. माजं बी नाव घ्या."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि खाली बसायला सांगितलं. आबा बसले नाहीत, तेव्हा शिपायाने त्यांच्या दंडाला धरून बसवलं. ज्याला मन नाही त्याला आरोपी करायला कायदा एवढ्या लांब मुंबईपर्यंत गेला होता, आणि जो स्वतःच्या पायाने उभा राहून सांगत होता त्याच्यासाठी कोर्टाकडे वेळ नव्हता. बोर्डावर अजून बरीच कामं होती.

पुढच्या खंडेनवमीची गोष्ट. कंपनीने नामदेवला परत घेतलं होतं, आता फक्त साखळीवर. आबांनी त्याच्याकडून डेपोत निरोप धाडला, की काकूंनी फूल वाहिल्याशिवाय इंजिनाला हार घालू नका. मला वाटलं होतं, ते हसतील. पण तिथे एक नवा साहेब आला होता, त्याला ही कल्पना फारच आवडली. त्याने सुरक्षिततेचा फलक लावला, फोटोवाला बोलावला आणि काकूंना आणायला गाडी पाठवली. काकू गाडीत बसल्या नाहीत, चालत गेल्या. मी बरोबर होतो. इंजिन धुऊन पुसून उभं होतं. काकूंनी पदर डोक्यावर घेतला, इंजिनाच्या पुढच्या लोखंडावर एक झेंडू ठेवला आणि हात जोडले. डेपोतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाने विचारलं, मावशी, दोन शब्द बोलता का. काकू म्हणाल्या, घरी पूजा राहिलीय.

आबा तिकडे आले नव्हते. आम्ही परतलो तेव्हा ते गोठ्यात होते. पोलिसांकडून सुटून आलेली ती चेपलेली स्कूटर खुंट्याला बांधलेली होती आणि तिच्या शेजारी, गव्हाणीच्या कडेवर, आबा बसले होते. जाकीट अंगात नव्हतं. खुंट्याला दुसरं एक दावं बांधलं होतं आणि त्याचं टोक त्यांच्या मनगटाला होतं. चाळीतलं कुणी हसलं नाही. मला तर त्यांचा रागच आला, की हा माणूस स्वतःच्या पश्चात्तापाचाही खटला केल्याशिवाय राहत नाही.

काकूंनी ताट घेतलं आणि नेहमीसारखी पूजा सुरू केली. विळी, कोयता, शिलाई मशीन, पाण्याची मोटर, माझी मोटारसायकल. एकेकाला हळद, कुंकू, फूल. मग गोठ्यात शिरल्या. स्कूटरच्या फुटलेल्या दिव्यावर फूल ठेवलं. आबांनी मान वर केली नाही. ताटात अजून फुलं होती. काकूंनी पदर नीट केला. भिंतीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या आबांशी समोरून बोलल्या.

"इंजनाला काय कळतंय, आबा. ह्या गाडीला बी न्हाई कळत. तुमाला कळत व्हतं."

आणि ताट घेऊन आत गेल्या.

मला वाटलं आबा कोसळतील. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कोर्टाच्या बातमीवर द्यावा तसा शेरा दिला. "निकाल बराबर हाय."

त्यानंतर काकू पुन्हा भिंतीशी बोलू लागल्या आणि आबांनी खटले चालवणं सोडलं. नारिंगी जाकीट नामदेवला देऊन टाकलं, ते घालून तो साखळीपाशी उभा असतो. चाळीत काही मोडलं की आबा आता स्वतः मिस्त्री बोलावतात आणि काम होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभे राहतात, इतके की मिस्त्री वैतागतात. शिडीच्या सगळ्या पायऱ्या त्यांनी बदलून घेतल्या. स्कूटर भंगारात गेली. पण दर खंडेनवमीला सकाळी उठून ते गोठ्यात जाऊन बसायचे आणि काकूंची पूजा आटोपून चूल विझेपर्यंत बसून राहायचे. काकू सगळीकडे फूल ठेवायच्या आणि गोठ्याच्या दारावरून परत फिरायच्या. कुणी त्यांना काही विचारलं नाही. विचारायचं नसतं, हा नियम आता चाळीतल्या परगावच्या माणसांनाही पाठ झाला होता.

मी पुढे निघोजेकडे, कंपनीच्या जवळ, घर घेतलं. तरी खंडेनवमीला गाडी पूजेसाठी आबांच्याच अंगणात नेतो. मागच्या वर्षी गेलो तेव्हा आबा बरेच थकलेले दिसले. गव्हाणीच्या कडेवर बसताना भिंतीचा आधार घेत होते. पूजा झाली. काकू गोठ्याच्या दारापर्यंत आल्या, नेहमीसारख्या वळल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या. हातात ताटली होती, ताटलीत पुरणाची पोळी, वर तुपाचा थेंब. आबांची मान वर झाली. त्यांनी तोंड किंचित पुढे केलं की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. काकूंनी घास भरवला नाही. ताटली त्यांच्या हातात दिली आणि निघून गेल्या.

आबा ताटलीकडे बघत बसले. मी म्हणालो, "आबा, झालं की आता. पोळी आली."

त्यांनी मान हलवली. कायद्याचं ज्ञान नसलेल्या माणसाला समजावून सांगावं तसं ते मला सांगू लागले.

"भरवली न्हाई, हातात दिली. ह्यो जामीन झाला. सुटका न्हाई."

आणि त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.